शून्याचं तिकीट

चादर अर्धी पिळून झाली होती. एक टोक माझ्या हातात, दुसरं सासूबाईंच्या. दोघी उलटसुलट पीळ देत होतो आणि पाणी आमच्याच पायांवर पडत होतं. तेवढ्यात फाटकासमोर बसचा हॉर्न वाजला. आमच्या फाटकासमोर बसचा थांबाच नाही. हॉर्न पुन्हा वाजला, आणि मागोमाग वन्संचा आवाज, "वहिनी, रोलचा डबा आण. पळ."

आता हा डबा कसला आणि वन्संना तो शुक्रवारी भर दुपारी का हवा झाला, हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कुणाला पटायचं नाही.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. टेकडीच्या बसवर कंडक्टर आहेत. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, "एका माणसाला जन्मभर सांभाळण्यापेक्षा बसभर माणसांना अर्धा तास सांभाळणं सोपं." बस खालच्या बाजारातून निघते, आमच्या घरावरून दवाखान्याला, तिथून टेकडीवरच्या वस्तीला जाते आणि तशीच परत येते. सासूबाई गुडघ्याच्या व्यायामासाठी त्याच बसनं दवाखान्यात जातात. बस नसली तर चढ पायी चढायचा, आणि तसा गुडघा असता तर व्यायामाला कशाला गेल्या असत्या?

वन्सं हाडाच्या काटकसरी. झिजलेला साबण नव्या साबणाला चिकटवतील, लिफाफा उलटा करून पुन्हा वापरतील. मी देवापुढे दिवा लावला की तीच काडी घेऊन गॅस पेटवायला धावतात. एकदा म्हटलं, "वन्सं, देवाच्या काडीवर चहा?" तर म्हणाल्या, "मग, देवानं काड्यांचं दुकान थाटलंय का?"

त्यांच्या बसला बायका, म्हातारी माणसं आणि शाळकरी मुलं फुकट. फुकट म्हणजे त्यांचं भाडं सरकार भरतं. मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढायचं, आणि अशी जेवढी तिकिटं निघतील तेवढ्यांचे पैसे सरकार बस चालवणाऱ्या कंपनीला देतं. टेकडीवरच्या कमावत्या माणसांकडे स्कूटर, त्यामुळे बसमध्ये चढतात ते बहुतेक सगळे फुकटवालेच. वन्संना वाटायचं, पैसेच घ्यायचे नाहीत तर कागद कशाला फुकट घालवा? "बसा मास्तर, तुम्हाला कसलं तिकीट," असं त्या म्हणाल्या की निवृत्त मास्तर ऐसपैस बसायचे. ओळखीच्या माणसाला तिकीट देणं म्हणजे पाहुण्यापुढे चहाचं बिल ठेवण्यासारखं.

तिकिटाच्या कागदाचे रोल डेपोतून दर आठवड्याला मिळतात. सगळ्यांचे संपत, वन्संचे उरत. परत करायला गेल्या तर कारकून म्हणाला, "रोल द्यायची पद्धत आहे, परत घ्यायची नाही. ठेवा तुमच्याकडेच." ते मग आमच्या कपाटावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात साठत गेले. हाच तो डबा. आणि गेल्या वर्षी कंपनीनं, सर्वांत कमी कागद वापरला म्हणून, वन्संना कार्यक्षमतेचं बक्षीस दिलं: भिंतीवरचं घड्याळ. ते आमच्या स्वयंपाकघरात लावलंय.

या महिन्यात त्याच कंपनीची नोटीस आली. टेकडीच्या फेरीला प्रवासी नाहीत, त्यामुळे सरकारी अनुदान येत नाही, डिझेल मात्र जळतं. शुक्रवारी अधिकारी फेरीबरोबर येऊन पाहतील आणि ती चालू ठेवायची की बंद करायची ते ठरवतील. बंद झाली तर वन्संची बदली लांबच्या गावी.

वन्सं तापल्या. "प्रवासी नाहीत? इथे पाय ठेवायला जागा नसते. यांनी डोळे गहाण टाकलेत की काय?"

बसचे ड्रायव्हर बोलण्याच्या बाबतीत वन्संपेक्षाही काटकसरी. आरशात बघत म्हणाले, "ताई, तुम्ही तिकीट कुठं फाडता?"

त्या दिवशी वन्संनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. "वहिनी, मी कागद वाचवला आणि बस बुडवली गं."

"अजून बुडाली नाही," मी म्हटलं. "उद्यापासून फाडा."

बोलायला सोपं. दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना घेऊन बसमध्ये होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. वन्संनी मास्तरांपुढे तिकीट धरलं. मास्तरांनी त्याच्याकडे साप बघावा तसं बघितलं.

"मला? माझं काय चुकलं?"

"काही नाही मास्तर, फुकटच आहे. घ्या."

"फुकट आहे तर देतेस कशाला? विश्वास उडाला म्हण की सरळ."

सासूबाई तर त्यांच्या वरचढ. "पोटची पोर आईचं तिकीट फाडतेय. उद्या जेवायला बसले की ताटाखाली पावती ठेवशील."

"आई, धर ना गं."

"नाही धरत. उतरव मला खाली."

बस हसतेय, वन्सं रडकुंडीला आलेल्या. मला राहवेना. म्हटलं, "मास्तर, न सांगता कळायला सरकार म्हणजे काय देव आहे? देवाला आपण कुठं बसलोय ते दिसतं. सरकारला कागद लागतो. तुम्ही तिकीट घेतलं नाही की तुमची सीट तिकडे रिकामी."

मास्तर गंभीर झाले. "म्हणजे इतकी वर्षं मी या बसमध्ये नव्हतोच?"

"कागदावर नव्हता."

"मग मी होतो कुठं?"

"घरी," ड्रायव्हर म्हणाले.

हे मास्तरांना फारच लागलं. घरी बसलेला माणूस म्हणवून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी तिकीट घेतलं, चष्मा लावून वाचलं आणि खिशात ठेवलं. सासूबाईंनीही हात पुढे केला, पण तोंड खिडकीकडे ठेवूनच.

आणि मग माणसं अशी उधळली की विचारू नका. शुक्रवारी सगळी टेकडी बसमध्ये. ज्यांना काम होतं ते आले, ज्यांना नव्हतं त्यांनी काढलं. कंपनीच्या अधिकारी, चष्मेवाल्या बाई, मागच्या सीटवर बसल्या होत्या. मास्तर पुढच्या दारानं चढले, तिकीट घेतलं, पुढच्या थांब्यावर उतरून वळसा घालून मागच्या दारानं पुन्हा आले.

"हं, दे," हात पुढे करून म्हणाले.

"मास्तर, एका फेरीला एकच."

"मी टोपी काढून आलोय."

"टोपी काढली म्हणून माणूस बदलत नाही. बसा खाली."

हे सगळं वन्संनी मला नंतर सांगितलं. पण जन्माची खोड जाते कुठं? एवढी गर्दी होणार हे ठाऊक असून त्या मशीनमध्ये होता तेवढ्या रोलवरच निघाल्या होत्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तो संपला. निम्मी बस बिनतिकिटाची आणि मागे अधिकारी. म्हणून तो हॉर्न.

मी देवाचं नाव घेतलं, स्टुलावर चढले, डबा काढला आणि धावत सुटले. सासूबाई चादर सोडेनात. "जमिनीवर कशी टाकू, आत्ता धुतलीय," असं म्हणत गुडघा विसरून माझ्यामागे. मी डबा द्यायला पायरीवर चढले, त्या माझ्यामागे चढल्या, आणि ड्रायव्हरनी गाडी सोडली.

अधिकारी बाई उठून पुढे आल्या. "हा कंपनीचा माल घरी कसा?"

चादरीचं पाणी ठिबकत होतं, तेही मास्तरांच्या बुटावर.

वन्संचा चेहरा उतरला, पण खोटं त्यांना सुचतच नाही. "वाचवलेला आहे, मॅडम. डेपोत परत घेत नाहीत. पूर्वी मी फुकटवाल्यांना तिकीटच देत नव्हते. माझंच चुकलं. त्याबद्दल तुम्ही मला घड्याळ दिलंत."

"आम्ही?"

"कंपनीनं. कार्यक्षमतेचं."

"चालतं का?"

"रोज थोडं पुढं जातं."

बाईंनी चष्मा पुसायला घेतला आणि तो बराच वेळ पुसला. वन्संनी तोवर रोल बसवून दोन तिकिटं काढली, एक मला, एक आईला. आम्ही आता प्रवासी झालो होतो. मग त्या बाईंकडे वळल्या. "मॅडम, तुमचं तिकीट?"

"मी अधिकारी आहे. माझा पास आहे."

"पास असला तरी शून्याचं तिकीट लागतं. नाहीतर तुम्ही बसमध्ये नाहीच."

"घरी आहात," मास्तर म्हणाले.

बाईंनी निमूट तिकीट घेतलं. शेवटच्या थांब्यापर्यंत वन्सं एकेका सीटशी जाऊन तिकिटं देत होत्या आणि बाई मागोमाग माणसं मोजत होत्या. उतरताना म्हणाल्या, "फेरी राहील. पण यापुढे कागद वाचवलात तर घड्याळ परत घेईन."

परतीच्या फेरीला मास्तरांनी आणि सासूबाईंनी चादर खिडकीबाहेर धरली होती. घरी पोचेपर्यंत ती खडखडीत वाळली. पिळायची राहिलेली अर्धी बाजूसुद्धा.

वन्सं चहा पिऊन लगेच बाहेर पडल्या. डेपोतून पुढच्या आठवड्याचे रोल आणायचे आहेत.