कसरीनं घातलेली कळी

गल्लीत त्यांना सगळे रफूकाकू म्हणत. दुकान दिराचं, शिलाई दिराची. काकूंच्या वाट्याला मागची खोली, एक खिडकी आणि एक टोपली. टोपलीत लोकरीचे धागे होते, जुन्या कोटांच्या आतल्या शिवणींतून आणि फाटक्या शालींच्या कडांतून उसवून ठेवलेले. ऊन खाऊन विटलेला राखाडी, वापरून मऊ पडलेला निळा. असे रंग बाजारात विकत मिळत नाहीत, आणि ते नसले तर रफू लांबूनच ओळखू येतं. काकूंनी केलेलं ओळखू येत नसे, आणि याचा त्यांना जरा जास्तच तोरा होता.

एक दिवस डॉक्टरांनी आपला कोट काउंटरवर आणून आपटला. काकूंनी भरलेल्या भोकाशेजारी, कॉलरखाली, नवी भोकं पडली होती. दुकानातच कसर लागली होती, म्हणजे लोकर खाणारी कीड.

दीर मुळात कमी बोलणारा माणूस, पण त्या दिवशी डॉक्टरांसमोरच बोलला. "ही सगळी आमच्या वहिनींच्या टोपलीची कृपा. वहिनी, दुकानाला रंग द्यायला रंगारी येणार आहे, त्याच्या आत ती टोपली जाळून टाका."

काकू आत जाऊन रडल्या. टोपली गेली म्हणजे हातच गेले. आणि परक्या माणसापुढे झालेला पाणउतारा तर त्यांना फारच लागला. मग डोळे पुसून त्यांनी चप्पल उचलली आणि दिव्याभोवती भिरभिरणाऱ्या पाखरांना झोडपायला सुरुवात केली. कसर लागल्याची शंका आली की त्या वर्षानुवर्षं हाच उपाय करत आल्या होत्या.

दिराची मुलगी कॉलेजातून आली, तिनं चप्पल काढून घेतली. ही मुलगी किडे शिकत होती. घरात तिची यावरून यथेच्छ थट्टा व्हायची.

"काकू, या बिचाऱ्यांनी काय केलंय? कसरीची पाखरं उजेडाला येतच नाहीत, अंधारात पळतात. आणि लोकर तीही खात नाहीत. त्यांना खाता येईल असं तोंडच नसतं."

"मग माझ्या जिवावर उठलंय कोण?"

"त्यांची पिल्लं. अळ्या."

दोघींनी टोपली पांढऱ्या कागदावर उपडी केली. तळाशी तांदळाच्या दाण्याएवढा एक लोकरीचा बोळा निघाला. काकू तो फुंकरीनं उडवणार, तोच बोळ्यातून इवलंसं डोकं बाहेर आलं आणि बोळा चालू लागला.

"अगं बाई!" काकू मागे सरकल्या.

पुतणीनं भिंग धरलं. तो बोळा नव्हता, दोन्ही टोकांना उघडी अशी एक खोळ होती. अळी जी लोकर खाते तिचेच तुकडे रेशमात गुंफून ही खोळ करते आणि ती अंगावर घेऊन फिरते, असं पुतणीनं सांगितलं. "बहुतेक खोळवाली कसरच ही. पण नक्की सांगायचं तर पाखरू बाहेर यायला हवं. तोवर पोसावी लागेल."

"घरफोड्याला जेवायला वाढायचं म्हणतेस!" काकू म्हणाल्या. पण काचेच्या बरणीत लाल धागा त्यांनीच घातला.

थोड्या दिवसांत खोळीच्या दोन्ही टोकांना लाल पट्टा आला. काकू काम सोडून बरणीशी बसू लागल्या. आणि एका सकाळी त्यांनी अशी हाक मारली की पुतणी दात घासतानाच धावत आली.

"कळी घातलीय हिनं! बघ!"

सदरा अंगाला तंग झाला की शिंपी बाजूची शिवण उसवून तिकोनी पट्टी जोडतो, ती कळी. अळी जाड झाली होती, आणि तिनं आपली खोळ लांबीत कापून फटीत लाल लोकरीची पाचर भरली होती. अंगावरून न उतरवता.

"हिला शिकवलं कुणी?" काकूंचा आवाज खाली आला होता.

"कुणीच नाही. आई अंडी घालून मरून जाते. त्यानंतर ही जन्मते."

काकूंच्या अंगावर काटा आला. कळी बसवायला शिकताना सासूबाईंनी त्यांच्याकडून किती वेळा उसवून घेतलं होतं! आणि हा एवढासा जीव, अंधारात, एकटा. ज्याला मारायचं त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटले, आणि तसं त्या बोलल्याही.

"खोळ दोन्ही टोकांनी वाढते," पुतणी म्हणाली. "म्हणजे मधला भाग सगळ्यात जुना."

काकूंनी पुन्हा भिंग लावलं. मध्ये काळपट तपकिरी रंग होता. टोपलीतला एकूण एक रंग त्यांना तोंडपाठ होता, आणि हा त्यातला नव्हता. पण तो त्या रोज बघत होत्या.

त्या बरणी आणि भिंग घेऊन दिरासमोर उभ्या राहिल्या. "भावजी, जरा बघा."

दीर बराच वेळ बघत राहिला. "कळी आहे," तो म्हणाला. मग भिंग आणखी जवळ नेत, "आणि सरळ बसलीय."

"आता मधला रंग बघा."

त्यानं तो पाहिला, आणि मान वळवून आपल्या इस्त्रीच्या टेबलाकडे पाहिलं. टेबलावर तपकिरी ब्लँकेट ताणून खालून खिळे मारलेले होते, ते वडिलांच्या वेळेपासून तसंच होतं. त्यानं टेबल उलटं केलं. खालच्या घड्यांत तपकिरी दाणेच दाणे चालत होते.

ब्लँकेट त्याच दिवशी जळालं. टोपलीतले धागे पिशवीत बांधून आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीजरमध्ये गेले, थंडीनं उरलीसुरली कसर मरावी म्हणून. दीर टेबलावर नवं ब्लँकेट ठोकून पुन्हा शिलाईला बसला.

बरणीतल्या अळीनं खोळीची तोंडं बंद केली. बऱ्याच दिवसांनी, ऐन दुपारी, खोळीतून फिकट मातकट रंगाचं पाखरू बाहेर आलं. पंखांवर तीन पुसट ठिपके. "तीच!" पुतणी ओरडली. "खोळवाली कसर!" दीर कात्री टाकून आला. तेवढ्यात डॉक्टर कोट न्यायला आले, तेही वाकून बघू लागले.

"हिला तोंड नाही म्हणतेस," दिरानं मुलीला विचारलं, "मग जगते कशावर?"

"लहानपणी खाल्लेल्यावर, बाबा."

दीर सरळ उभा राहिला. "म्हणजे माझ्या ब्लँकेटावर," तो डॉक्टरांना म्हणाला. "तुमचा कोट माझ्या टेबलानं खाल्ला, डॉक्टर. वहिनींच्या टोपलीनं नाही. त्या दिवशी मी तुमच्यासमोर बोललो, म्हणून आजही तुमच्यासमोरच सांगतोय."

काकूंनी मान वर केली नाही. भिंगातून त्यांना आता काहीच दिसत नव्हतं, तरी त्या बघत राहिल्या.