ताकवाली मम्मी

ताकानं काठोकाठ भरलेला डबा स्वतःच्या डोक्यावर उलटा धरून शाळेच्या गेटसमोर उभी राहिलेली बाई तुम्ही कधी पाहिली आहे का? मी पाहिली आहे, आणि एकदा नव्हे, तीस-चाळीस वेळा. दुपारचं ऊन, शाळा सुटायला दहा मिनिटं बाकी, आम्ही सगळ्या आया आपापल्या स्कूटीवर टेकून उभ्या, आणि मधोमध ही. अंगावर धुऊन विटलेली पण इस्त्रीची साडी, हात वर, डब्यात ताक. "एक थेंब पडला तर डबा तुमचा," असं म्हणायची आणि वर डबा चांगला गदागदा हलवायची. थेंब कधीच पडला नाही. आमच्यातल्या एकदोघी मनातून वाट बघत असायच्या, हे मी आज कबूल करते.

तिला सगळ्या ताकवाली मम्मी म्हणत. तशी ती सईची मम्मी. शाळेच्या गेटवर बायकांना नाव नसतंच. मी शौर्यची मम्मी, ती सईची मम्मी, माझ्या फोनमध्येसुद्धा ती 'सई मम्मी दुसरी ब' अशीच होती. घोडेगावच्या वर डोंगरात तिचं गाव. घरी भात, नाचणी, चार बकऱ्या, आणि नवरा घोडेगावला वडापची, सीटमागे भाडं घेणारी जीप चालवायचा. मुलीला चांगली शाळा मिळावी म्हणून तिनं जुन्नरात एक खोली भाड्यानं घेतली होती आणि दोन वर्षं रानातून गोळा केलेला हिरडा विकून प्लास्टिकच्या डब्यांच्या कुठल्याशा कंपनीचं किट आणलं होतं. दुकानात न मिळणारे, झाकण घट्ट बसणारे डबे. ते कुणाच्या तरी घरी चार बायका जमवून दाखवायचे, त्याला म्हणायचं 'डेमो'. जिच्या घरी डेमो, तिला एक डबा भेट.

कंपनीच्या मॅडमनी तिला सांगितलं होतं, ओळखीच्या पन्नास जणींची यादी करा आणि एकेकीला भेटा. हे ती स्वतःच रंगवून सांगायची. "पन्नास कुठनं आणू वो? जुन्नरात मला घरमालकीण अन् भाजीवाली, दोघीच म्हायती. गावाकडच्या धरल्या तरी सतरा झाल्या. म्हनलं आता बकऱ्यांची नावं घालू का?" मग तिच्या लक्षात आलं की रोज दुपारी शाळेच्या गेटवर पन्नास बायका आयत्याच उभ्या असतात. तीच तिची यादी झाली.

तिची नजर भारी होती. ती बायकांकडे बघायची नाही, पोरांच्या दप्तरांकडे बघायची. दप्तराच्या बुडाला पिवळा तेलकट डाग दिसला, की त्या पोराचा डबा गळतो, म्हणजे त्याच्या आईला आपली गरज आहे, हे तिचं गणित. पण गेल्या गेल्या डब्याचा विषय काढायचा नाही. पहिलं वाक्य ठरलेलं, "ताई, आज डब्यात काय दिलं?" मग भेंडी की बटाटा, पोरगं खातं का टाकून देतं, पोळी मऊ राहण्यासाठी कणकेत काय घालता, असं दहा मिनिटं चालायचं. आठवडाभर ती नुसतं एवढंच विचारी. आठव्या दिवशी पिशवीतून ताक निघे.

मी सुरुवातीला तिला टाळायचे. ती लांबून दिसली की फोन कानाला लावून "हो हो, बोल ना" सुरू. एकदा अशीच कुणाशी तरी जोरजोरात बोलत उभी होते, आणि कानाला लावलेला फोन खणखणून वाजला! मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती शेजारीच उभी. गालातल्या गालात हसली आणि म्हणाली, "घ्या ताई, आदी खरा फोन घ्या. मी थांबते." त्या दिवशी मी तिच्याकडून दोन डबे घेतले, आणि खरं सांगते, त्या दिवसापासून मला शाळा सुटायच्या वेळेची ओढ लागली. मी मुद्दाम लवकर जाऊ लागले. लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती, पण आज डब्यात काय दिलंस, असं मला त्याआधी कुणी विचारलं नव्हतं.

तिचेही काही नेम होते. एकदा चतुर्थीला आम्ही दोघी ओझरच्या गणपतीला गेलो. रांगेत पुढे-मागे शाळेतल्याच चार आया. मी म्हटलं, "काढ की पिशवी, आयत्या सापडल्यात." तर तिनं मला डोळे वटारले. "देवाच्या दारात न्हाई. हितं मीच मागाया आलीय." काय मागायला आलीय, हे मी विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं. नवऱ्यानं मुदत दिली होती. "मालक म्हनलेत, परीक्षेपतूर बघ. तुझं बस्तान बसलं तर सई हितंच शिकंल. न्हाईतर परत गावच्या शाळंत. तिथं दोन खोल्या अन् एक गुरुजी हायेत." मग म्हणाली, "सई झोपंत इंग्रजी बोलती वो ताई. मला कळत न्हाई, पण लई ग्वाड वाटतं."

तर अशा बाईचा डेमो माझ्या घरी व्हावा, हे मीच ठरवलं. तिनं एकदाही म्हटलं नव्हतं. अडचण एकच होती, माझ्या सासूबाई. त्या आणे गावच्या, पठारावरच्या मोठ्या घरातल्या, बोलायला फटकळ. घरात कुणी काही विकायला बसलेलं त्यांना चाललं नसतं. "आपल्या घरात दुकान मांडायचं नाही," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून साबणवाल्यापासून विमावाल्यापर्यंत सगळ्यांच्या बाबतीत ऐकलं होतं. म्हणून मी शक्कल लढवली. संक्रांत होऊन गेली होती. शाळेच्या ग्रुपवर टाकलं, शुक्रवारी दुपारी हळदीकुंकवाला या. घरातही तेवढंच सांगितलं. बायका जमल्या की हळदीकुंकू होईल, दूध पितापिता ही सहज डबे दाखवील, आणि सासूबाईंना कळेपर्यंत सगळं उरकलेलं असेल. किती हुशार मी!

शुक्रवारी ती सगळ्यांच्या आधी आली. ताकाचा डबा तिनं माझ्याकडे फ्रीजमध्ये ठेवायला दिला, "गार ऱ्हाऊ द्या, शेवटाला काढू." आणि हॉलमधल्या टेबलावर तिनं डबे मांडले. बारा डबे, सगळं किट. लहानमोठे, लाल, निळे, पोपटी. टेबलावर तिनं घरून आणलेला धुतलेला टॉवेल अंथरला होता. बायका आल्या, अकरा जणी. मी मसाला दूध उकळायला आत गेले. मी वाण म्हणून आणलेल्या चहाच्या गाळण्या स्वयंपाकघरातच पिशवीत होत्या.

पाच मिनिटं, फार तर सात. ट्रे घेऊन बाहेर आले तर सासूबाई हळदीकुंकू लावत पुढे पुढे चालल्या होत्या, आणि जिला कुंकू लावलं तिच्या ओटीत टेबलावरचा एकेक डबा घालत होत्या. संक्रांतीचं हळदीकुंकू, टेबलावर मांडून ठेवलेल्या वस्तू, त्यांना दुसरं काय वाटणार? बायका तर हरखून गेल्या होत्या; मी तिच्याकडून विकत घेऊनच वाटतेय, असं त्यांना वाटलं असणार. "अय्या, केवढं भारी वाण! आम्ही बाई वाट्याच वाटल्या." सासूबाईंचा चेहरा फुलला होता. "आमच्या सूनबाईची पसंती," त्या म्हणाल्या. नऊ वर्षांत माझ्याबद्दल चारचौघींत असं त्या पहिल्यांदा बोलल्या.

मी तोंड उघडलं. कोपऱ्यात बसलेल्या तिनं माझ्याकडे बघून मान हलवली. नको. मी तोंड मिटलं.

आणि मग सासूबाई तिच्यासमोर गेल्या. टेबलावर एकच डबा उरला होता, पोपटी झाकणाचा. त्यांनी तिला हळद लावली, कुंकू लावलं, आणि तिचाच डबा तिच्या ओटीत घातला. तिनं पदर पसरून तो घेतला, कपाळाला लावला आणि सासूबाईंच्या पाया पडली. "लई चांगलं वाण हाय आत्या," ती म्हणाली. मला अजून तो प्रसंग आठवला की हातातलं काम खाली ठेवावं लागतं.

जाताना दारात मी तिचा हात धरला. मी भरून देते म्हटलं, तर ती चिडलीच. "वाणाचं पैसं घेत्यात व्हय?" बरं, मी सगळ्यांना खरं काय ते सांगते, त्या आपणहून आणून देतील, असं म्हटलं. त्यावर तिनं आतल्या रिकाम्या टेबलाकडे पाहिलं. तिला डबे हवे होते, ते मला स्पष्ट दिसत होतं. "सांगा," ती म्हणाली, "पन म्हाताऱ्या मानसाला खाली बघाया लावू नका." आणि एक डबा घेऊन ती जिना उतरली.

मी सांगितलं नाही. सोमवारी सांगू म्हटलं. सोमवारी गेटवर तिघीजणी वाणाचं कौतुक करत होत्या, मग बुधवार म्हटलं. एकीच्या पोराच्या दप्तराचा पिवळा डाग गेला होता, तिनं मला तो मुद्दाम दाखवला. मी हसले! ताकाचा डबा आमच्या फ्रीजमध्येच राहिला होता. तो परत द्यायचा तर बाकीच्या अकरा डब्यांचं बोलावं लागणार, म्हणून तोही दिला नाही. चार दिवसांनी ताक ओतलं, डबा घासला, आणि सासूबाईंनी त्यात तीळगूळ भरून ठेवला. किटशिवाय तिचा डेमो बंद पडला. ती गेटवर यायची, पिशवी नसायची. पण मला विचारायची मात्र रोज, "आज डब्यात काय दिलं?" तिच्या आवाजात काही म्हणजे काहीच बदललं नव्हतं, आणि तेच मला सहन होईना. मी पुन्हा उशिरा जाऊ लागले.

परीक्षा संपली त्या दिवशी जीप आली. मागे गादी, स्टोव्ह, सईची सायकल. ती गेटवर सगळ्यांचा निरोप घेऊन गेली म्हणे. मी उशिरा पोचले होते.

शौर्य आता सातवीत आहे. त्या अकरा डब्यांतले सातआठ अजून शाळेत येतात. दुसरी ब चा ग्रुप कधीच बंद झाला. 'सई मम्मी'चा नंबर लागत नाही. मी तो अनेकदा लावला, लागू नये अशी मनात इच्छा धरून. यंदा संक्रांतीला सासूबाई तोच ताकाचा डबा घासत होत्या आणि म्हणाल्या, "काय वाण होतं गं ते! ती कोपऱ्यात बसलेली बाई कोण होती? पाया पडली होती बघ माझ्या." मग मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. ओट्याशी उभी राहून मी सगळं सांगून टाकलं, आणि रडले.

सासूबाईंनी डबा धुतला, पुसला. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्या एवढंच म्हणाल्या, "तिचाच डबा मी तिला दिला? आणि तू बघत उभी राहिलीस?" मग त्यांनी डब्यात तीळगूळ भरला, झाकण दाबून लावलं, आणि उद्या घोडेगावची एसटी किती वाजता आहे ते विचारायला मला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिच्या गावी गेलो, तर 'सईची मम्मी' तिथं कुणालाच माहीत नव्हती. शेवटी एक शेजारीण म्हणाली, "आसं व्हय, हिरा! जीपवाल्याची हिरा." पाच वर्षांनी मला तिचं नाव कळलं. घराला कुलूप होतं. नवऱ्याला चाकणला काम लागलं, म्हणून ती तिकडे. सई नातेवाइकांकडे राहून शिकते. शेजारणीनं आम्हाला बसवलं, आणि ताक आणलं ते पोपटी झाकणाच्या डब्यातून. माझी नजर बघून म्हणाली, "हिरानं दिलाय. जुन्नरच्या मोठ्या घरचं वाण हाय, जपून वापर म्हनली."

सासूबाईंनी ताकाचा पेला हातातच धरून ठेवला.

शेजारणीकडून नंबर घेतला. 'हिरा' म्हणून जोडला. गावात रेंज नव्हती. परतीच्या एसटीत घोडेगाव जवळ आलं तशी एकेक काडी दिसायला लागली, आणि मी फोन लावला. काय बोलायचं ते पाच वर्षं घोकलेलं होतं.

"कोन?" तोच आवाज.

"मी शौर्यची मम्मी."

"अगं बाई! ताई! आज डब्यात काय दिलं?"

घोकलेल्यातलं पहिलं वाक्यच आठवेना. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. मांडीवर तो डबा होताच, त्यावर त्यांनी दुसरा हात ठेवला.

"हिरा, मी शौर्यची आजी बोलतेय. तुझा डबा माझ्याकडं राहिलाय, पोरी. घ्यायला ये."

पलीकडून काहीच आवाज येईना. रेंज गेली असं वाटून सासूबाईंनी फोन माझ्यासमोर धरला. रेंज होती.