लाल टाक्याचं ब्लँकेट

"थंडी भाव पाहून येत नाही गा," असं म्हणत फौजी ब्लँकेट अंगठ्याखाली चोळायचा आणि मी सांगेन ती किंमत मान्य करायचा. इतवारीच्या बाजारातल्या माझ्या ब्लँकेटच्या दुकानात घासाघीस न करणारं तेवढं एकच गिऱ्हाईक. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यापुढे धंदेवाल्याला उगाच चोर झाल्यासारखं वाटतं.

तो आमच्याच गल्लीतला. सीमेवर गोळीबार वाढला त्या हिवाळ्यात पायाची दोन बोटं बर्फात गमावून सुट्टीवर आला. इकडे आम्हा व्यापाऱ्यांचंही शौर्य उफाळलं होतं. व्यापारी मंडळाच्या अध्यक्षाने जवानांसाठी ब्लँकेटं गोळा केली, नारळ फोडून ट्रक रवाना केला. फोटोत ट्रकपेक्षा अध्यक्षच मोठा दिसतो. त्यात माझाही एक गठ्ठा होता. त्यातल्या प्रत्येक ब्लँकेटच्या कोपऱ्यात, जवानांसाठी म्हणून मुद्दाम मारलेला, माझ्या दुकानाचा लाल टाका.

पुढे अध्यक्षाच्या मुलीचं लग्न निघालं. फौजीला मुद्दाम मानाने बोलावलं. पाय ठणकायला लागला म्हणून तो जानवशाच्या खोलीत जरा टेकायला गेला आणि भर पंगतीत खांद्यावर ब्लँकेट टाकून बाहेर आला. आत मुलाकडचे पाहुणे जवानांची ऊब पांघरून घोरत होते.

अध्यक्ष हसून म्हणाला, ब्लँकेटं काय, सारी सारखीच दिसतात. फौजी सरळ माझ्या पानाशी आला आणि कोपरा माझ्यापुढे धरला.

"हा टाका कोनाचा हाय भाऊ, तेवढं सांग."

मी चार आण्यांसाठी बाजार डोक्यावर घेणारा माणूस. पण माझा अर्धा माल अध्यक्षाच्याच दुकानांतून खपायचा.

"असा टाका सारेच मारते गा," मी म्हटलं.

माझा राग आजही फौजीवरच आहे. चार शिव्या द्यायच्या होत्या त्याने. मी आठ दिल्या असत्या, मामला मिटला असता. तो एवढंच म्हणाला, "ठीक हाय. जेव तू." त्याने ब्लँकेटची काटेकोर घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवली आणि लंगडत निघून गेला. सुट्टी बाकी असताना पलटणीत परतला. निवृत्त झाल्यावर पार शहराबाहेर, बेसाला घर बांधलं. इतवारीत पुन्हा फिरकला नाही.

त्या दिवशी त्याचं पान माझ्या शेजारीच मांडलं होतं. वाढप्याने न विचारता त्यावर गरम जिलबी वाढली. ती पार गार झाली तरी मांडीवरची घडी कुठे ठेवावी, ते मला सुचत नव्हतं.