लाल रिफिल

बिनकामाची माणसं मला दुकानात चालत नाहीत. पण जिंतूरच्या माझ्या टायपिंगच्या दुकानात एक म्हातारा रोज येऊन बसायचा, त्याला मी कधी उठवलं नाही. नावही विचारलं नाही. लोकांच्या अर्जांतलं मोडकं इंग्रजी तो फुकट दुरुस्त करायचा. लाल रिफिलनं वाक्य खोडायचा, डोळे मिटायचा आणि नवं वाक्य मोठ्यानं म्हणायचा, तेही अर्जवाल्याच्या आवाजात. मला वाटायचं, नकला करतोय.

एकदा येलदरीची एक बाई आली. तिचा नवरा धरणात बुडाला होता. त्याच्या पेटीत सापडलेला नोकरीचा अर्ज तिला आठवण म्हणून टाईप करून हवा होता. म्हाताऱ्यानं 'आय ॲम बिलाँग टू फार्मर फॅमिली' खोडलं आणि डोळे मिटले.

"आय कम फ्रॉम अ फार्मिंग फॅमिली."

आवाज तरण्या माणसाचा होता, जरा घोगरा. बाईच्या हातातली पिशवी गळून पडली. "ह्यांचाच आवाज हाय!"

"बाबा, तुमची ओळख होती का त्याच्याशी?" मी विचारलं.

"न्हाई. त्यो सांगायलाय, मी निस्तं म्हणायलोय."

आठवड्यानं बाई तोच टाईप केलेला अर्ज घेऊन आली. म्हाताऱ्यानं तो दोनदा वाचला आणि परत दिला. "चूक न्हाई यात."

बाई माझ्याकडं वळली.

"भाऊ, पुन्हा टाईप करा. या टायमाला चार-दोन चुका ऱ्हाऊ द्या."