आईची जळजळ आणि मी बंद केलेली सुकट

मंडळी, मी कम्युनिटीवर घरचं सहसा लिहीत नाही. आज लिहिते.

सातिवलीच्या एका कारखान्यात मी प्रेशर गेज तपासते. गेज चुकीचं दाखवू लागलं की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: अलीकडे काय बदललं?

गेल्या महिन्यात आईला बीपीची नवी गोळी सुरू झाली आणि पाठोपाठ छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी. ती म्हणाली, "गोलीनेच होतंय गं." मी म्हटलं, "गोळीने नाही, तुझ्या तिखट सुकटीने." आई अर्नाळ्याची, तिला सुकटीशिवाय भाकरी उतरत नाही. तरी मी त्या सुक्या मासळीचा डबा शेजारच्या काकूंना देऊन टाकला.

आज सकाळी तिला चक्कर आली. आगाशीच्या डॉक्टरांनी बीपी मोजलं, तर खूप वाढलेलं. गोळी तिने माझ्या नकळत बंदच केली होती.

"या गोळीने काहींना अशी जळजळ होते," डॉक्टर म्हणाले. "आधी सांगायचं ना, बदलून दिली असती."

"सांगितलेलं ना, हिला. पन ही पडली इंजिनिअर, हिच्यापुढे मी काय बोलनार?"

डॉक्टर हसले. मला हसता आलं नाही.

गोळी बदलली आहे, आई आता झोपली आहे. मिठामुळे सुकट जपूनच खायला हवी, हे खरं. पण मी ती मिठासाठी बंद केली नव्हती.

तुमच्या घरी कोणी असं काही सांगितलं, तर तुम्ही आधी ऐकता की आधी उत्तर देता?