दिदिमोणींची साडेसहाशे

"बिघडला नाही, म्हणून तर उघडला!"

रविवारी सकाळी कलकत्त्यातल्या आमच्या डमडमच्या गल्लीतून जाणारा कोणीही त्या फाटकाशी थबकून "काय बिघडलं हो?" म्हणाला, की आतून हे उत्तर यायचं. शेजारच्या बंगाली बाबूंना बंगालीत, दूधवाल्याला हिंदीत आणि मला मराठीत. मान वर व्हायची नाही. हातातला पाना थांबायचा नाही. आणि मराठीत उत्तर असलं की व्हरांड्यातल्या आरामखुर्चीतून लगेच दुरुस्ती यायची, "बिघडली नाही. उघडली. गाडी ती असते, तो नव्हे."

"हो बाबा. ती," असं म्हणून ताई पुढच्या वाक्यात पुन्हा मोटारसायकलला 'तो' म्हणायच्या.

मी त्यांना ताई म्हणत असे. बाकी सगळी गल्ली त्यांना दिदिमोणी, म्हणजे आपल्याकडच्या शाळेतल्या 'बाई', म्हणायची, कारण त्या मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवत. जन्म कलकत्त्याचा, शिक्षण कलकत्त्याचं. मराठी फक्त घरात, तीही वडिलांशी. त्यामुळे त्या मला, बंगालीत विचारतात तसं, "चहा खाणार?" असं विचारायच्या. बँकेतून बदली होऊन मी तिथे नवा नवा आलो आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो, तेव्हा हा प्रश्न ऐकून मी बशीत बिस्किटं शोधली होती.

गाडीचं सांगतो. ब्रिटिश बनावटीची, दोन सिलिंडरची, साडेसहाशे सीसीची. विमानतळावर नोकरीला असलेला एक इंग्रज मायदेशी परतताना ताईंच्या वडिलांकडे ती सोपवून गेला होता. वडील तिथेच विमानांच्या इंजिनांची देखभाल बघत. त्यांनी तपासून होकार दिल्याशिवाय विमान जागचं हलायचं नाही. त्यांच्या घरी आलेल्या मोटारसायकलचीही मग तशीच बडदास्त सुरू झाली. बायको गेल्यावर बापलेक सुट्टी लागली की त्या गाडीवरून निघत. पुरी, हजारीबाग, एकदा तर पार सिलिगुडी. वडील पुढे, ताई मागे. पुढे पुढे ताई पुढे आणि वडील मागे.

मग वडिलांना पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं. बोलणं सावकाश का होईना परत आलं, चालणं आलं नाही. लोक म्हणाले, आता गाडी विकून टाका. ताईंनी विकली नाही. लांबचा प्रवास मात्र बंद केला. "बाबा बसू शकत नाहीत, मग कुठे जाऊ?" एवढंच म्हणायच्या. न जाणाऱ्या गाडीची देखभाल मात्र दर रविवारी चालूच राहिली, आणि तीच बघायला मी चहाचा पेला घेऊन पायरीवर बसत असे.

बघण्यासारखीच गोष्ट होती ती. वडिलांची खाकी पँट, वर जुना सुती सदरा, केसांचा घट्ट अंबाडा. पहिलं काम थंड इंजिनावर. झाकणं काढून झडपांमधली फट पातळ पोलादी पट्टीने तपासायची. पट्टी सरकताना किंचित अडली पाहिजे, पण अडकता कामा नये. ते झालं की प्लग काढून त्यांचा रंग उजेडात धरायचा. विटकरी दिसला की त्यांच्या चेहऱ्यावर, मुलीला पैकीच्या पैकी मार्क दिल्यासारखं समाधान. मग बॅरकपूरच्या रस्त्याने एक फेरी मारून यायची आणि इंजिन गरम असतानाच तेल बदलायचं. "गरम तेल सगळा मळ घेऊन खाली येतो, बँकवाले. थंड तेल मळ ठेवून एकटाच येतो."

"तेल ते असतं," व्हरांड्यातून आवाज.

चेनचा रविवार वेगळा. चेन रॉकेलमध्ये धुवायची, वाळवायची, आणि शेगडीवर पातळ केलेल्या ग्रीझमध्ये भिजत घालायची. त्यासाठी घरातली पितळेची परात होती. या परातीवरून बापलेकीत दरवेळी कुरबूर व्हायची. "तुझ्या आईने त्यात कणीक मळलीय," वडील म्हणायचे. ताई म्हणायच्या, "आई असती तर तिनेच दिली असती." ते खरं असावं, कारण वडील पुढे काही बोलायचे नाहीत.

शेवटी चाकांच्या तारा. एकेका तारेवर पान्याने हलकेच टिचकी मारत जायचं. वडील डोळे मिटून ऐकत. एखादी तार ढिली असली की ताईंच्या आधी त्यांची डाव्या हाताची बोटं खुर्चीवर वाजायची.

शहरातल्या मराठी कुटुंबांमध्ये या सगळ्याचं कौतुक होतंच असं नाही. हळदीकुंकवाला ताई नीट इस्त्रीची साडी नेसून जात, पण नखांच्या कडा काळ्या असायच्या. एकदा कोणीतरी म्हणालं, "अगंबाई, हाताला हे काय?" ताईंनी हात पुढे करून स्वतःच पाहिलं. "इंजिनाचा तेल. साबणाने जात नाही," म्हणाल्या, आणि तोच हात हळदीसाठी पुढे धरला. लाज नाही, उर्मटपणाही नाही. माझी आई माझ्याकडे आली होती, तिने हे पाहिलं आणि घरी येऊन मला म्हणाली, "त्या बाईंचं मला फार आवडलं."

मग एकाहत्तर साल आलं. सीमेपलीकडून माणसांचे लोंढे येऊ लागले. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच जशोर रोड होता, सीमेकडे जाणारा. त्या रस्त्याच्या दोन्ही कडांना, मोठमोठ्या शिरीषांखाली, चटया आणि ताडपत्र्यांचे संसार मांडले गेले. पाऊस सुरू झाला आणि छावण्यांमध्ये पटकी पसरली.

गल्लीतले डॉक्टरबाबू, साठीचे, अंगाने भारदस्त, बारासातच्या पुढच्या एका छावणीत जाऊ लागले होते. एका सकाळी ते ताईंच्या फाटकात आले ते पाय आपटतच. त्यांना नेणारी जीप ट्रकांच्या रांगेत अडकून पडली होती. रस्ता चिखलाने आणि गाड्यांनी तुंबला होता, चारचाकी पुढे सरकतच नव्हती. त्यांनी पायरीवर बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. "बँकबाबू, ही मोटारसायकल चालवू शकेल असा कोणी माणूस आहे का तुमच्या ओळखीचा?"

"मी आहे," ताई म्हणाल्या.

आम्ही तिघेही व्हरांड्याकडे वळलो. वडिलांचा चेहरा उतरला होता. एकुलती एक मुलगी, तो रस्ता, तो पाऊस, आणि आपण खुर्चीत. मग विमानतळावर विचारत असतील तसं, एकेक शब्द तोलून विचारू लागले.

"तेल?"

"रविवारी बदलला."

"चेन?"

"ताण बघितला. ग्रीझ लावला."

"ब्रेक?"

"दोन्ही. पुढचा केबल नवा घातलाय."

"मॅग्नेटो? रस्त्यावरचं पाणी आत शिरलं तर ठिणगी पडणार नाही."

"जुन्या ट्यूबचा रबर कापून वर बांधते. आत्ता."

त्यांनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी तिचं व्याकरण दुरुस्त केलं नाही. "मग गाडी जायला तयार आहे," ते म्हणाले. "जा."

डॉक्टरबाबू मागे बसले. पाऊस होता म्हणून त्यांनी छत्री उघडली. गाडी सुरू झाली आणि गल्लीच्या वळणावर ती छत्री उलटी झाली. "दिदिमोणी, आस्ते! आस्ते!" ही त्यांची हाक आम्हाला किती तरी वेळ ऐकू येत होती.

त्या दिवसानंतर ते रोजचंच झालं. शाळेला सुट्टी होती. ती संपल्यावर ताईंनी सकाळचे वर्ग मागून घेतले आणि दुपारनंतर त्या रस्त्यावर असत. संध्याकाळी गाडी चिखलाचा गोळा होऊन परत यायची. त्या आधी गाडी धुवायच्या, मग स्वतःचे पाय. जे पूर्वी रविवारी व्हायचं ते आता रोज होऊ लागलं.

मी एकदाच त्यांच्याबरोबर गेलो. डॉक्टर छावणीतच मुक्कामाला होते आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या असल्याचा निरोप आला होता. बाटल्या पेंढ्यात गुंडाळून दोन्ही बाजूंच्या पेट्यांत भरल्या, उरलेल्यांचं खोकं माझ्या मांडीवर. बारासातच्या पुढे एका मोरीवरून पाणी वाहत होतं. अलीकडे दोन जीप आणि एक ट्रक बंद पडून उभे होते. ताईंनी गाडी थांबवली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि स्वतः पाण्यातून पलीकडे चालत जाऊन आल्या.

"कार्ब्युरेटर बुडणार नाही," म्हणाल्या. "फक्त मध्ये थांबायचं नाही. तुम्ही हलू नका, बाटल्या हलवू नका, आणि मला काही विचारू नका."

पहिल्या गिअरमध्ये, एकाच लयीत, इंजिनाचा आवाज जराही वरखाली न होऊ देता त्यांनी ती गाडी पाण्यातून काढली. माझे बूट पाण्याखाली होते. पलीकडे चढलो तेव्हा मागून ट्रकवाल्यांनी आरोळी ठोकली. ताईंनी ब्रेक दोनदा दाबून कोरडे करून घेतले आणि पुढे निघाल्या.

छावणीत डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिलंही नाही. बाटल्या ओढून घेतल्या आणि आत धावले. मी दाराशी उभा राहिलो. आत बांबूच्या मांडवात माणसं ओळीने पडली होती. कडेला एक बाई मुलीला मांडीवर घेऊन बसली होती, मुलीचे डोळे खोल गेलेले. काय करावं ते मला कळेना. वळून बघतो तर ताई गाडीजवळ उकिडव्या बसून फडक्याने चेन पुसत होत्या. एक प्लग बाहेर काढून सदऱ्याच्या आतल्या बाजूला कोरडा करत होत्या.

मला राहवलं नाही. "ताई, आत माणसं मरताहेत."

त्यांनी वर पाहिलं. प्रथमच. डोळे लाल होते. "मला सुई टोचता येत नाही, बँकवाले. येत असती तर आत असते. आपण परत जायचं आहे, आणि उद्या पुन्हा यायचं आहे. त्यासाठी जे करावं लागतं ते मला येतं." पुन्हा खाली बघून त्यांनी प्लग बसवला.

आम्ही निघेपर्यंत त्या मुलीच्या हाताला सलाइन लागलं होतं आणि तिने पाणी मागितलं होतं. डॉक्टर बाहेर येऊन एवढंच सांगून गेले. परतीच्या वाटेवर शिरीषांच्या सावलीतून जाताना मला मागून ताईंचे खांदे दिसत होते. ते ताठ होते.

घरी पोचलो. गल्ली फाटकाशी जमली होती. जो तो विचारत होता, दिदिमोणी, तुम्ही बऱ्या आहात ना? वडिलांनी खुर्चीतून विचारलं, "गाडी कशी आहे?"

"एकदम ठणठणीत, बाबा."

त्यांनी डोळे मिटून घेतले. त्या प्रश्नात त्यांनी काय काय विचारलं होतं, ते लेकीला कळलं, आणि तिच्या उत्तरात काय होतं ते त्यांना. त्या पावसाळ्यात ती गाडी रस्त्यात एकदाही बंद पडली नाही. यावर फार काही सांगण्यासारखं नाही, आणि ताईंचा अभिमान नेमका तोच होता, की सांगण्यासारखं काही घडू दिलं नाही. पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवात एका वयस्कर बाईंनी ताईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि नुसतेच धरून ठेवले.

वडील त्यानंतर दोन-तीन वर्षांनी गेले. झोपेत, शांतपणे. गाडी त्यानंतरच्या रविवारी उघडली गेली नाही. पण त्याच्या पुढच्या रविवारी मी खाली उतरलो तर अंगणात पाने मांडलेले होते. व्हरांड्यातून दुरुस्ती करणारा आवाज नव्हता. मी धीर करून म्हणालो, "ताई, गाडी ती असते." त्या हसल्या, आणि मग पान्यावर कपाळ टेकवून रडल्या.

नंतर नागपूरकडच्या एका मुलींच्या शाळेने त्यांना मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं. महाराष्ट्रात त्या कधी राहिल्या नव्हत्या. सामान रेल्वेने पाठवलं. स्वतः कशा जाणार, असं विचारायची गरज कोणालाच पडली नाही. खडगपूर, संबळपूर, रायपूर, एकटीने.

आम्ही काही जण त्यांना निरोप द्यायला बाली पुलापलीकडे, मुंबईकडे जाणारा रस्ता सुरू होतो तिथवर टॅक्सीने गेलो. डॉक्टरबाबूही आले होते. ते नुसते नाक पुसत राहिले. ताईंनी सगळ्यांना नमस्कार केला, टायरवरून हात फिरवला, आणि एका किकमध्ये गाडी सुरू केली.

चौकातला पोलीस पुढे आला. "बाई एकट्याच? कुठवर?" त्याने मला बंगालीत विचारलं.

"नागपूर," मी म्हणालो.

त्याने गाडीकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं. मग तो रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून त्याने दोन्हीकडचे ट्रक थांबवले. ड्रायव्हर खिडक्यांतून माना काढून बघू लागले. त्या रिकाम्या रस्त्यावरून ताई निघाल्या. पाठ ताठ, वेग हळूहळू वाढत गेलेला.

"कोण त्या?" पोलिसाने हात तसेच पसरलेले ठेवून विचारलं.

"आमच्या आहेत," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो असेन, कारण पहिल्या ट्रकचा ड्रायव्हरही माझ्याकडे वळून बघू लागला.