दातांचं टोपडं

कवळीकाका माणसाच्या डोळ्यांत बघून बोलत नसत, दातांत बघून बोलत. लालबागच्या आमच्या चाळीत भल्याभल्यांनी जिन्यात उभं राहून त्यांच्यापुढे तोंड वासलं आहे. "आ कर बघू" हाच त्यांचा नमस्कार. गिरगावातल्या एका दातांच्या डॉक्टरांसाठी ते कवळ्या बनवत आणि उरलेलं काम घरी आणत. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. "तो रे, पुढच्या दातांत फट असलेला," अशी त्यांच्याकडे माणसांची नोंद.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना ते न चुकता शिवाजी पार्कवर येत. अख्खं मैदान मुठी उगारून घोषणा देतंय आणि हा गृहस्थ व्यासपीठाकडे पाठ करून उभा! मी विचारलं, तर म्हणाले, "अरे, एवढी उघडी तोंडं एकदम कुठे बघायला मिळतात?" मुंबई आपल्याला मिळणार, याबद्दल मात्र त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

मी तेव्हा वीस वर्षांचा, हुतुतूत चढाई करणारा. एकदा पकडीत कुणाचा तरी गुडघा लागून माझ्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. आईने त्याच दिवशी बजावलं, "अजून एक दात पडलो तर खेळ बंद. सांगान ठेवतंय." खेळ बंद म्हणजे नोकरीही बंद. नायगावच्या सामन्याला गिरणीची माणसं येणार होती, आणि त्यांच्या संघात शिरलो तरच मी गिरणीत लागणार होतो. मी मुकाट्याने काकांपुढे जाऊन आ केला.

ते बराच वेळ बघत राहिले. "जन्मभर दात गेल्यावरचं काम केलं," ते म्हणाले, "जायच्या आधीचं कुणी सांगितलंच नाही." मुष्टियुद्धवाले दातांवर रबर चढवतात, एवढं त्यांनी ऐकलं होतं. गरम पाण्यात मऊ केलेलं मेण दाबून त्यांनी माझ्या वरच्या दातांचा ठसा घेतला, त्यावरून प्लास्टरचे दात केले, तुटक्या कोपऱ्यासकट, आणि त्यांच्यावर रबर बसवून वाफवलं. खोलीत असा वास सुटला की काकूंनी नाकाला पदर लावला. तयार वस्तूचं नाव काकांनीच ठेवलं, टोपडं.

सरावात टोपडं घालून चढाईला गेलो आणि पहिल्याच दमात बाद. काकांचा हात कवळीला सरावलेला, त्यांनी सवयीने माझी टाळूही झाकून टाकली होती. जिभेला जागाच उरली नव्हती. 'हुतुतू'ऐवजी माझ्या तोंडून नुसतं 'हुहुहू' निघालं, आणि शब्द अडखळला की गडी बाद. सगळे पोट धरून हसले. मी तणतणत टोपडं काकांच्या हातावर आपटलं. ते हसले नाहीत. "चूक माझी. तुला म्हातारा समजून बनवलं मी."

मग रविवारची अख्खी दुपार ते टाळूवरचं रबर कापत, घासत बसले आणि मी त्यांच्यासमोर दम घुमवत बसलो. "परत म्हण." जरा घासायचं. "परत म्हण." शेजारीपाजारी डोकावून गेले. शेवटी काकू वैतागल्या, "अहो, पोराचा घसा तरी राहू द्या सामन्याला!" दिवेलागणीला 'हुतुतू' स्वच्छ निघालं.

नायगावला शेवटच्या चढाईत माझा पाय पकडला गेला आणि एकाचं डोकं थेट तोंडावर बसलं. ओठ फाटला. पण दम सुटला नाही, हात मध्यरेषेला लागला. काका गर्दीतून धावत आले. कोण जिंकलं ते विचारलंच नाही. "आ कर." मी टोपडं काढून आ केला. सगळे दात जागच्या जागी होते. मी गिरणीत लागलो आणि आईने काकांकडे घावन्यांचं ताट धाडलं.

पुढे कितीतरी गड्यांना त्यांनी टोपडी करून दिली. मी चाळ सोडली, भेटी कमी झाल्या, याची मला आजही लाज वाटते. शेवटी गेलो तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले, नजर गेलेली. नाव सांगितलं, गिरणी सांगितली; काही केल्या ओळख पटेना. मग त्यांचा हात आपणहून वर आला.

"आ कर बघू."

त्यांचं बोट माझ्या दातांवरून सरकत तुटक्या कोपऱ्यावर थांबलं. "हुतुतू!" ते म्हणाले. मग एकेक दात चाचपून मोजला.

"आहेत सगळे. तुझी कवळी करायची राहिली रे माझी," असं म्हणून काका मोठं काम हातावेगळं झाल्यासारखे हसले.